गुणवत्तेचं कवच आणि हुर्यो : ॲडम गुड्सच्या कारकिर्दीतून आम्ही काय शिकायचं?

"आधी काहीतरी बनून दाखवा, मग तुम्हाला कोणी जात विचारणार नाही." हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेलं आहे. शाळेत शिक्षकांच्या तोंडून, ऑफिसात सहकाऱ्यांच्या तोंडून, आरक्षणावरच्या प्रत्येक वादात समोरच्या बाजूने. दुःखाची गोष्ट अशी की हल्ली ते आपल्याच वस्तीत, आपल्याच माणसांच्या तोंडूनही ऐकू येतं. या वाक्याचा अर्थ असा, की भेदभाव हा अपयशी माणसाच्या वाट्याला येतो. तुम्ही पुरेसे मोठे झालात की तो आपोआप गळून पडतो. म्हणजे दोष भेदभाव करणाऱ्याचा नाही, तुमच्या कमी पडण्याचा आहे!

हे वाक्य खरं की खोटं, ते एकदा तपासून पाहू. त्यासाठी आम्ही मुद्दामच आपल्या देशाबाहेरचं उदाहरण घेतलं आहे. इथलं उदाहरण दिलं की लगेच "तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात आणता" असा आरडाओरडा सुरू होतो. म्हणून आपण ऑस्ट्रेलियात जाऊ. तिथल्या एका खेळाडूने जे जे बनून दाखवायचं असतं ते सगळं बनून दाखवलं होतं. त्याचं नाव ॲडम गुड्स.

गुड्स जो खेळ खेळायचा तो आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नाही. ऑस्ट्रेलियन फुटबॉल हा आपल्या ओळखीच्या फुटबॉलपेक्षा वेगळा खेळ आहे. मैदान क्रिकेटच्या मैदानासारखं लंबगोल, किंबहुना बऱ्याचदा तेच. एका बाजूला १८ खेळाडू मैदानात. चेंडू अंड्याच्या आकाराचा. तो लाथेने मारता येतो, मुठीने ठोसून साथीदाराला देता येतो, हवेत उडी घेऊन झेलता येतो. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांमधून लाथेने चेंडू गेला तर ६ गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर १ गुण. सामन्याचे चार भाग असतात. १८५९ साली मेलबर्नमध्ये या खेळाचे पहिले नियम लिहिले गेले आणि आज तिथल्या कित्येक घरांमध्ये तो धर्मासारखा पाळला जातो. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर होणाऱ्या अंतिम सामन्याला लाखभर प्रेक्षक जमतात. अशा खेळातला अजिंक्यवीर म्हणजे काय चीज असेल, हे क्रिकेटवेड्या भारतीयांना वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आता गुड्सची गुणवत्ता मोजू. जन्म ८ जानेवारी १९८० चा, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वॉलरू गावचा. आई अद्न्यामाथन्हा आणि नारुंगा या मूलनिवासी समूहांची. १९९७ च्या खेळाडू निवडीत सिडनी स्वान्स या क्लबने त्याला ४३ व्या क्रमांकावर घेतलं. म्हणजे त्याच्या आधी ४२ जणांना पसंती मिळाली होती. १९९९ मध्ये तो पहिल्यांदा वरिष्ठ संघात उतरला आणि त्याच वर्षी सर्वोत्तम उगवत्या खेळाडूचा पुरस्कार त्याने घेतला. २००३ मध्ये ब्राउनलो पदक. हे या खेळातलं सर्वोच्च वैयक्तिक पदक. त्या वर्षी ते तिघांत विभागून मिळालं. २००६ मध्ये ते त्याने एकट्याने पुन्हा जिंकलं. २००५ मध्ये सिडनीने तब्बल ७२ वर्षांनी विजेतेपद मिळवलं, त्या संघात गुड्स होता. २०१२ च्या अंतिम सामन्यात गुडघ्याचा अस्थिबंध फाटलेला असताना तो मैदानाबाहेर गेला नाही. त्याच पायावर खेळत राहिला, शेवटच्या भागात गोल मारला आणि संघ जिंकला. चार वेळा देशाच्या सर्वोत्तम संघात निवड. २००९ पासून चार हंगाम क्लबचा सहकर्णधार. एकूण ३७२ सामने, ४६४ गोल. सांगा, आणखी काय बनून दाखवायचं होतं?

पण कारकीर्द फक्त आकड्यांची नसते. गुड्सची आई 'चोरलेल्या पिढ्यां'पैकी आहे. हा शब्द आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावा असा आहे. विसाव्या शतकात कित्येक दशकं ऑस्ट्रेलियन सरकारी यंत्रणा आणि मिशनऱ्यांनी मूलनिवासी मुलं त्यांच्या आईबापांच्या हातातून काढून नेली, संस्थांमध्ये किंवा गोऱ्या कुटुंबांमध्ये ठेवली. हेतू असा की त्यांनी आपली भाषा, आपले लोक, आपलं मूळ विसरावं. १९९७ साली या धोरणावरचा चौकशी अहवाल बाहेर आला. तेच वर्ष जेव्हा सिडनीने गुड्सला निवडलं. सरकारने संसदेत माफी मागितली ती २००८ मध्ये. आईला लहानपणीच घरापासून तोडलेलं, त्यामुळे मुलापर्यंत भाषा आली नाही, गोष्टी आल्या नाहीत, आपण कोण हेही धड आलं नाही. ज्यांच्या पूर्वजांचा इतिहास पुसून टाकण्यात आला, त्या आपल्यासारख्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

मग गुड्सने काय केलं? खेळाडू म्हणून नाव झाल्यावर त्याने सिडनीच्या इओरा महाविद्यालयात मूलनिवासी अभ्यासाचा पदविका अभ्यासक्रम केला. स्वतःच्या लोकांचा इतिहास तो वर्गात बसून शिकला. आम्हाला त्याच्या कारकिर्दीतलं हे वळण दोन्ही ब्राउनलो पदकांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. 'शिका' या शब्दाचा अर्थ नोकरीपुरता नसतो. जो स्वतःचा इतिहास शिकतो त्याला शिवी ही नुसती शिवी म्हणून ऐकू येत नाही. तिच्यामागची दोनशे वर्षं ऐकू येतात.

आणि ती शिवी आलीच. २४ मे २०१३. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर सिडनी विरुद्ध कॉलिंगवुड सामना. मूलनिवासी खेळाडूंच्या योगदानाचा सन्मान म्हणून खास राखलेल्या फेरीतला सामना! सिडनी जिंकत होती, गुड्स जबरदस्त खेळत होता. सीमारेषेजवळ असताना प्रेक्षकांतून कोणीतरी त्याला 'वानर' म्हटलं. तो थांबला. वळला. त्या दिशेने बोट दाखवून त्याने सुरक्षारक्षकांना सांगितलं, या व्यक्तीला बाहेर काढा. ती व्यक्ती म्हणजे १३ वर्षांची मुलगी होती हे त्याला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी तो पत्रकारांसमोर आला. त्याने सांगितलं की आतून पार मोडल्यासारखं झालं. आणि त्याच दमात त्याने लोकांना विनंती केली की त्या मुलीला झोडपू नका, ती लहान आहे, तिला आधाराची गरज आहे, हा दोष तिच्या एकटीचा नाही. मुलीने फोन करून माफी मागितली, त्याने ती स्वीकारली. न्यायाने पाहिलं तर प्रकरण इथे संपायला हवं होतं. पण काही दिवसांतच कॉलिंगवुड क्लबचे अध्यक्ष एडी मॅग्वायर रेडिओवर बोलता बोलता गुड्सचा संबंध 'किंग काँग'च्या जाहिरातीशी जोडून मोकळे झाले. हेच गृहस्थ सामन्याच्या रात्री गुड्सकडे जाऊन दिलगिरी व्यक्त करून आले होते! नंतर त्यांनी माफी मागितली, जीभ घसरली म्हणाले. आम्ही समाजशास्त्राचे विद्यार्थी म्हणून एवढंच म्हणू, की जीभ नेहमी तिकडेच घसरते जिकडे उतार आधीपासून असतो.

जानेवारी २०१४ मध्ये गुड्सला 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' हा देशाचा मोठा सन्मान मिळाला. हा सन्मान २६ जानेवारीच्या राष्ट्रीय दिनाच्या निमित्ताने दिला जातो. आपल्यासाठी २६ जानेवारी हा बाबासाहेबांच्या संविधानाचा दिवस. तिथल्या मूलनिवासींसाठी मात्र १७८८ साली इंग्रजांचा जहाजांचा ताफा सिडनीच्या किनाऱ्याला लागल्याचा दिवस, म्हणजे त्यांची जमीन जाण्याची सुरुवात. १९३८ मध्येच त्यांच्या नेत्यांनी सिडनीत या दिवशी शोकदिन पाळला होता. सन्मान घेऊन गप्प बसणं गुड्सला सहज जमलं असतं. तो बोलत राहिला. वंशद्वेषाबद्दल बोलला, इतिहासाबद्दल बोलला, गोऱ्या समाजाने या गोष्टींकडे पाहायला हवं असं म्हणाला.

आणि मग हुर्यो सुरू झाली. आधी तुरळक, २०१५ मध्ये जवळपास प्रत्येक परक्या मैदानावर. गुड्सच्या हातात चेंडू आला की हजारो लोक एका सुरात हुर्यो उडवायचे. चेंडू दुसऱ्याकडे गेला की थांबायचे. पस्तीस वर्षांचा, दोन ब्राउनलो पदकांचा मानकरी, आणि त्याच्या प्रत्येक स्पर्शाला हा आवाज.

२९ मे २०१५ रोजी, पुन्हा मूलनिवासी सन्मान फेरीतच, सिडनीत कार्लटनविरुद्ध गोल मारल्यावर त्याने आपल्या लोकांचा युद्धनृत्याचा आविष्कार केला आणि शेवटी प्रेक्षकांच्या दिशेने भाला फेकल्याचा अभिनय केला. हातात भाला नव्हता. हे नृत्य तो मूलनिवासी किशोरांच्या संघाकडून शिकला होता. पण त्या कल्पनेतल्या भाल्याने काय गहजब झाला! माजी खेळाडू, समालोचक, स्तंभलेखक, सगळ्यांना तो 'आक्रमक' वाटला. न्यूझीलंडच्या रग्बी संघाचा 'हाका' पाहून टाळ्या वाजवणारे हेच लोक. दुसऱ्या देशाच्या मूलनिवासींची संस्कृती हा कार्यक्रम, आणि आपल्या देशाच्या मूलनिवासीची संस्कृती ही धमकी!

जुलैच्या अखेरीस पर्थच्या मैदानावर हुर्यो इतकी वाढली की गुड्सचा मूलनिवासी साथीदार लुइस जेटा याने गोल मारल्यावर त्याच्या समर्थनार्थ तसंच नृत्य केलं. त्या सामन्यानंतर गुड्सने रजा घेतली. पुढच्या सामन्यात तो मैदानात नव्हता. सिडनीच्या प्रेक्षकांनी तिसऱ्या भागाच्या सातव्या मिनिटाला उभं राहून टाळ्यांचा कडकडाट केला, कारण त्याचा क्रमांक ३७. तो परतला, मोसम संपेपर्यंत खेळला, सप्टेंबरमध्ये संघ हरला आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. निवृत्त होणारे खेळाडू अंतिम सामन्याच्या दिवशी मैदानाला फेरी मारून प्रेक्षकांचा निरोप घेतात. गुड्स त्या फेरीला गेला नाही. कुणाचा निरोप घ्यायचा होता?

आता हुर्यो उडवणाऱ्यांचे युक्तिवाद पाहू. कारण ते आपल्या फार ओळखीचे आहेत.

पहिला युक्तिवाद : "तो काळा आहे म्हणून नाही, तो पंचांकडून फुकटचे फायदे मिळवण्यासाठी नाटक करतो म्हणून." गंमत पाहा. ब्राउनलो पदक हे 'सर्वोत्तम आणि सर्वांत प्रामाणिक' खेळाडूला मिळतं आणि त्यासाठीची मतं मैदानावरचे पंचच देतात. ज्या पंचांनी त्याला दोनदा हे पदक दिलं, त्यांच्यापेक्षा शंभर मीटरवर बसलेल्या प्रेक्षकाला त्याची लबाडी जास्त दिसत होती काय? आणि ही लबाडी पंधरा वर्षं कोणाला कशी दिसली नाही? ती दिसू लागली तो तोंड उघडल्यावर.

दुसरा युक्तिवाद : "त्याने एका तेरा वर्षांच्या पोरीला सगळ्यांसमोर अपमानित केलं." ज्याचा अपमान झाला त्याने अपमानाकडे बोट दाखवलं, तर अपराधी बोट दाखवणारा! आपल्याकडे ॲट्रॉसिटीची फिर्याद दिल्यावर गावाची बदनामी कोणामुळे होते? मारणाऱ्यामुळे नाही, फिर्यादीमुळे. हाच तो न्याय.

तिसरा युक्तिवाद सगळ्यात साळसूद : "लीगमध्ये इतके मूलनिवासी खेळाडू आहेत. त्यांची हुर्यो कोणी उडवत नाही. मग हा वंशद्वेष कसा?" वाचकहो, याच युक्तिवादात खरं उत्तर दडलेलं आहे. ते खेळत होते म्हणून त्यांना टाळ्या होत्या. गुड्स खेळतही होता आणि बोलतही होता. वर्चस्ववादी समाजाला तुमच्या अस्तित्वाची अडचण नसते, तुमच्या कौशल्याची तर नसतेच, ते तो आनंदाने वापरून घेतो. त्याला अडचण असते तुमच्या आवाजाची. 'चांगला' आणि 'वाईट' अशी आपली विभागणी तोच करतो, आणि मग चांगल्याला पुढे करून वाईटाला मारतो.

बोलण्याची ही किंमत मोजणारा गुड्स पहिला नव्हता. १९९३ मध्ये कॉलिंगवुडच्याच मैदानावर दिवसभर वंशद्वेषी शिव्या खाऊन सामना जिंकल्यावर निकी विनमार या मूलनिवासी खेळाडूने जर्सी वर उचलून आपल्या काळ्या त्वचेकडे बोट दाखवलं होतं. ते छायाचित्र आज ऑस्ट्रेलियाच्या इतिहासाचा भाग आहे. १९९५ मध्ये मायकल लाँगने मैदानावर मिळालेल्या शिवीविरुद्ध तक्रार केली, मागे हटला नाही, आणि त्याच वर्षी लीगला खेळाडूंमधल्या वंशद्वेषी शिवीगाळीविरुद्ध नियम करावा लागला. हा नियम कोणाच्या गोलमुळे झाला नाही. तक्रारीमुळे झाला. एवढं एक वाक्य जरी आपल्या तरुणांनी लक्षात ठेवलं तरी हा लेख लिहिल्याचं सार्थक होईल.

गुड्सवर २०१९ मध्ये दोन माहितीपट आले. त्यातला 'द फायनल क्वार्टर' फक्त त्या वर्षांतल्या बातम्या, सामने आणि चर्चांच्या जुन्या चित्रफितींतून बनवलेला आहे. त्याबद्दल आम्ही आमच्या वस्तीतल्या विहारात, संध्याकाळच्या अभ्यासिकेत मुलांशी बोललो. त्यांना खेळाचे नियम समजावून सांगायला अर्धा तास गेला. हुर्यो समजावून सांगायला एक मिनिटही लागलं नाही. एक मुलगा म्हणाला, "दादा, एवढं खेळूनही?" हा मुलगा स्वतः एका महाविद्यालयाच्या संघातून कबड्डी खेळतो. चढाईला उत्तम आहे. संघातली काही मुलं त्याला नावाने हाक मारत नाहीत, 'कोटा' म्हणतात. गुण आणले की पाठ थोपटतात आणि 'शाब्बास कोटा' म्हणतात. त्याला प्रशिक्षकांकडे लेखी तक्रार करायची होती.

विहारातल्या एका ज्येष्ठ काकांनी त्याला जवळ बसवून प्रेमाने सांगितलं, "बाळा, आधी राज्याच्या संघात जा. मोठा हो. मग तुझं कोणीही ऐकेल. आत्ता बोललास तर बसवतील." काकांच्या मनात खोट नव्हती. त्यांच्या पिढीने गिळून गिळूनच मुलांना शिकवलं, आणि 'बसवतील' ही भीतीही खोटी नाही. यावर अभ्यासिकेतली बारावीची एक मुलगी पटकन बोलली, "काका, गुड्स तर देशात मोठा होता. त्याचं कुठं ऐकलं?" विहारात एकदम शांतता पसरली. आमच्या मते त्या दिवशीचा सगळा समाजशास्त्राचा तास त्या एका प्रश्नात झाला.

आणि यासाठी ऑस्ट्रेलियापर्यंत जायलाच हवं होतं असंही नाही. आपल्याकडे पळवणकर बाळू झाले. चर्मकार समाजातले, आपल्या काळातले देशातले थोर फिरकी गोलंदाज. पुण्यात त्यांच्या गोलंदाजीवर हिंदूंचा संघ जिंकायचा आणि चहा मात्र त्यांना मंडपाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळालं, तेही या भावांनी संघातून बाहेर पडून निषेध केल्यानंतरच्या काळात. तरुण बाबासाहेबांना बाळूंचा अभिमान होता. पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने याच बाळूंना बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं. बाळूंच्या कर्तृत्वाला कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. मुद्दा असा, की ज्या समाजाने त्यांना कपभर चहा सन्मानाने दिला नाही, त्यानेच त्यांचं मोठेपण आपल्या सोयीने वापरलं.

अगदी अलीकडचं पाहायचं तर २०२१. टोकियो ऑलिंपिकमध्ये वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. उपांत्य सामना संघ हरला, आणि हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके फोडून जातिवाचक शिवीगाळ झाली म्हणून तिच्या कुटुंबाला पोलिसांत तक्रार द्यावी लागली. देशासाठी तीन गोल मारलेल्या मुलीच्या घरासमोर! सांगा आता, गुणवत्तेचं कवच कुठे आहे?

जाता जाता आणखी एक. २००९ च्या सुमारास मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले तेव्हा इथली वृत्तपत्रं 'ऑस्ट्रेलिया वंशद्वेषी आहे' म्हणून पेटून उठली होती. योग्यच होतं ते. पण त्या अग्रलेखांत तिथल्या मूलनिवासींचा उल्लेख आम्हाला शोधावा लागतो, आणि इथल्या जातीचा तर शोधूनही सापडत नाही. स्वतःला लागलं की वंशद्वेष, दुसऱ्याला लागलं की 'विषय वाढवू नका', या दुटप्पीपणाला आपल्या चळवळीने थारा देता कामा नये. मेलबर्न-सिडनीत आज मराठी माणसं मोठ्या संख्येने राहतात, हे सामने पाहायलाही जातात. ज्या जमिनीवर ते स्टेडियम उभं आहे ती कोणाची होती, हा प्रश्न त्यांनाही लागू आहे. आंबेडकरी माणसाला तर तो आधी लागू आहे.

गुड्सच्या कारकिर्दीचा शेवट मैदानावर झाला नाही. जून २०१९ मध्ये, त्या माहितीपटाच्या निमित्ताने, लीगने आणि सर्व १८ क्लबांनी त्याची बिनशर्त माफी मागितली. आपण त्याच्या पाठीशी पुरेसे उभे राहिलो नाही, हे त्यांनी मान्य केलं. निवृत्तीनंतर चार वर्षांनी! हुर्यो चालू असताना हीच मंडळी 'हा वंशद्वेष आहे' एवढं साधं वाक्य वेळेवर उच्चारायला कचरत होती. २०२१ मध्ये लीगच्या मानाच्या दालनात, म्हणजे 'हॉल ऑफ फेम'मध्ये, त्याचं नाव घ्यायचं ठरलं. गुड्सने नकार दिला.

या नकारावर आम्ही बराच विचार केला आहे. काहींना तो रुसवा वाटला. आम्हाला तो स्वाभिमान वाटतो. सन्मान देणारा नेहमी वरच्या पायरीवर असतो. तो देतो आणि हिशोब मिटला असं समजतो. गुड्सने हिशोब मिटू दिला नाही. फोटो काढून, हार घालून, भिंतीवर टांगून त्याला गप्प करता आलं नाही. आपल्या महापुरुषांच्या बाबतीत हेच चालू आहे ना? विचार बाजूला, पुतळ्याला हार. ज्यांना जिवंतपणी विरोध केला त्यांचेच आज सोहळे.

आणि तो नुसता नकार देऊन घरी बसलेला नाही. २००९ मध्येच त्याने आपला साथीदार आणि नातलग मायकल ओलॉफ्लिनसोबत 'गो फाउंडेशन' ही संस्था सुरू केली होती. मूलनिवासी मुलामुलींना शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देण्याचं काम ती करते. मैदानावरची वर्षं संपली, शिक्षणाचं काम चालू राहिलं. यातलं साम्य आम्ही वेगळं सांगायला हवं का?

परिस्थिती बदलली आहे का? १९६७ मध्ये मूलनिवासींना देशाच्या जनगणनेत मोजण्यासाठी आणि त्यांच्यासाठी केंद्राला कायदे करता यावेत म्हणून ऑस्ट्रेलियात सार्वमत झालं, तेव्हा ९० टक्क्यांहून अधिक लोकांनी बाजूने मत दिलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मूलनिवासींना संसदेपुढे आपलं म्हणणं मांडणारी घटनात्मक सल्लागार संस्था द्यावी का, यावर सार्वमत झालं. सुमारे ६० टक्के लोकांनी नाही म्हटलं. मोजायला तयार, ऐकायला नाही. स्टेडियमवरची हुर्यो आणि मतपेटीतला नकार एकच आहेत असं आम्ही म्हणणार नाही, नकार देणाऱ्यांची कारणं वेगवेगळी होती. पण 'बोलू नका' हा सूर आम्हाला दोन्हीकडे ऐकू येतो.

मग आपण आपल्या पोरांना काय सांगायचं? खेळू नका, शिकू नका, मोठे होऊ नका, असं तर नक्कीच नाही. गुड्स ३७२ सामने खेळला म्हणूनच त्याचं बोट साऱ्या देशाला दिसलं. मोठे व्हाच. पण मोठं झाल्यावर हक्क मिळेल या भ्रमात राहू नका. हक्क मोठेपणाचं बक्षीस नसतो. कबड्डीच्या बारा जणांच्या संघात शेवटच्या राखीव खेळाडूलाही स्वतःच्या नावाने हाक मारून घेण्याचा तितकाच हक्क आहे जितका देशाच्या कर्णधाराला.

आणि त्याहून महत्त्वाचं आपल्यासारख्या मोठ्यांना. बोलणाऱ्याला 'थांब' म्हणणं सोपं असतं, त्याच्यासोबत उभं राहणं अवघड. गुड्सला हुर्यो उडवणाऱ्यांनी जेवढं एकटं पाडलं तेवढंच हुर्यो ऐकून खाली मान घालणाऱ्यांनी पाडलं. सिडनीचे प्रेक्षक सातव्या मिनिटाला उभे राहिले, पण तेव्हा तो मैदानात नव्हता. लीगने माफी मागितली, पण तेव्हा तो निवृत्त झाला होता. आपल्या मुलांच्या बाबतीत एवढा उशीर आपल्याला परवडणारा नाही. त्या कबड्डी खेळणाऱ्या मुलाची तक्रार लिहिली गेली. तिच्याखाली त्याची एकट्याची सही नाही. विहारातल्या अकरा जणांनी पालक आणि माजी विद्यार्थी म्हणून सोबतचं पत्र दिलं आहे. त्यात सर्वांत वरची सही काकांची आहे. उत्तर अजून आलेलं नाही. त्याला संघातून बसवतीलही. बसवलं तर पुढचा अर्ज तयार आहे.

एकट्या माणसाचा आवाज हुर्योत बुडतो. अकरा जणांचा बुडवायला थोडा जास्त जोर लागतो. संघटित व्हा याचा अर्थ इतका साधा आहे.

जयभीम!